ठसा कुणाचा, चांदी कुणाची

माझ्या मामांचं म्हणणं असं, की नाण्यावर राजाचं तोंड असलं काय नि नसलं काय, कसोटीच्या दगडाला त्याचं काही नाही. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट. छापखाना नव्हता, वर्तमानपत्र नव्हतं, त्या काळी राज्यकर्त्याचा शब्द परमुलखातल्या माणसाच्या तळहातावर नेऊन ठेवणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे नाणं. मामांची उमापुरात वडिलोपार्जित सराफी आहे. मी शहरातल्या महाविद्यालयात प्राचीन इतिहास शिकवते. सणावाराला गावी आले आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं, की हा वाद निघतोच.

तो इथे मांडते आहे, कारण रोमन नाण्यांच्या अभ्यासकांमध्ये हाच वाद फार गंभीरपणे झालेला आहे. १९५६ साली ए. एच. एम. जोन्स या इंग्रज इतिहासकारानं लिहिलं, की नाण्यांवरच्या चित्रांना टपालाच्या तिकिटांवरच्या चित्रांपेक्षा फारसं जास्त महत्त्व देऊ नये. सी. एच. व्ही. सदरलँड यांनी १९५९ साली त्याला उत्तर दिलं. दोघेही थोर अभ्यासक, पण चांदी हातात घेऊन तिचा भाव ठरवण्याची पाळी दोघांवरही आली नसावी. मामांवर ती रोज येते. शिवाय उमापूर हे गेवराई तालुक्यातलं गाव. गोदावरी ओलांडली की पैठण, सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, या पैठणचं नाव आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून गाड्या भरून रंगीत खडे जायचे, तेरहून कापड. त्याच्या बदल्यात भडोचच्या बंदरात उतरायची रोमची सोन्याचांदीची नाणी. तेव्हा हा वाद रोममध्ये जितका शोभतो तितकाच इथेही.

मी : इ.स.पू. ४४ साली रोममध्ये पहिल्यांदा असं झालं, की जिवंत माणसाचा चेहरा तिथल्या नाण्यावर आला. जुलिअस सीझरचा. तोवर देव असायचे, मेलेले पूर्वज असायचे. त्याच वर्षीच्या १५ मार्चला त्याचा खून झाला. मारेकऱ्यांतल्या ब्रूटसनं पुढे सैन्याच्या पगारासाठी नाणी पाडली. एका बाजूला स्वतःचा चेहरा. दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधोमध गुलामीतून सुटलेला माणूस घालतो ती टोपी आणि खाली खुनाच्या तारखेची अक्षरं. खून लपवायचा सोडून त्यानं तो चांदीवर छापला आणि शिपायांत वाटला.

मामा : पगार चांदीत दिला ना?

मी : हो.

मामा : मग शिपायानं चांदी घेतली. खंजिराचं चित्र नसतं तर त्यानं पगार परत केला असता का? आणि खंजीर होते म्हणून एखादं नाणं त्यानं जपून ठेवलं असेल का? पगार झाला की पहिलं काम उधारी फेडायची.

मी : ऑगस्टस सम्राटानं इजिप्त घेतल्यावर नाण्यावर मगर काढली आणि इजिप्त जिंकल्याची दोन शब्दांची वार्ता लिहिली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही मगर कळते. नाईल कुणाची झाली हे त्याला सांगायला लागत नाही.

मामा : ते चित्र कुणी ठरवलं?

मी : टांकसाळीच्या अधिकाऱ्यांनी. क्वचित वरून सांगणं आलं असेल.

मामा : मग ते चित्र राजाला दाखवायला काढलेलं आहे, लोकांना नाही. माझ्याकडं टाक घडवून घ्यायला येणारा माणूस खंडोबा कसा हवा ते सांगतो. मी त्याला बरं वाटेल असा घडवतो. गावाला काय वाटेल हे मी बघत नाही.

मामांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी हे जे बोलून दाखवलं ते बार्बारा लेव्हिक या विदुषींनी १९८२ साली सविस्तर मांडलं आहे. नाण्यावरची चित्रं ही टांकसाळीच्या लोकांनी सम्राटाला वाहिलेली स्तुती असते, असा त्यांचा विचार. मला हा विचार अर्धा पटतो. स्तुती खासगी असती तर ती दरबारातच राहिली असती. ती लाखो चकत्यांवर ठोकली गेली, तेव्हा ऐकणारा एकटा राजा राहिला नाही.

लोक नाण्याकडे बघत होते याचा सगळ्यांना माहीत असलेला दाखला ख्रिस्ताच्या चरित्रात आहे. सम्राटाला कर द्यावा की नाही, असं विचारून त्याला पेचात धरायचा बेत होता. त्यानं एक देनारियस, म्हणजे रोमचं चांदीचं नाणं, मागवला आणि उलट विचारलं, की यावर चेहरा कुणाचा आणि नाव कुणाचं. विचारणाऱ्यांना उत्तर लगेच देता आलं. तो देनारियस टायबेरियस सम्राटाचा असावा असं मानतात. भारतात सापडलेल्या रोमन चांदीत ऑगस्टस आणि टायबेरियस या दोघांचीच नाणी सर्वांत जास्त आहेत.

मामा : तिथं कळलं, कारण तिथं तो राजा होता. कर त्यालाच द्यायचा होता. आपल्याकडं तो टायबेरियस कुणाचा कोण?

मी : पण आपल्याकडं त्याच्या नकला झाल्या. तेरला मातीचे गोल लोलक सापडलेत, रोमन नाण्यावरून साचा घेऊन केलेले. वर ओवायला जागा. गळ्यात घालायचे. लामतुरे वस्तुसंग्रहालयात तेरचा असा कितीतरी ठेवा आहे.

मामा : म्हणजे बाईच्या गळ्यात रोमचा राजा. तिला तो राजा आहे हे माहीत होतं?

मी : नसणार.

मामा : आपल्या पुतळ्यांच्या माळेचं तेच. तूच मागं सांगितलंस, की ती पुतळी मूळची परदेशी मोहर आहे.

मी : व्हेनिसचा दुकाट. त्यावर संत मार्क उभा आहे आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख.

मामा : बघ. आजोबांपासून आमच्याकडं पुतळीचा ठसा आहे. तीन पिढ्या आम्ही त्या चकत्या उठवल्या. कुठला संत आणि कुठला राज्यप्रमुख! गिऱ्हाईक विचारतं, सोनं किती कसाचं आणि डाग किती गुंजांचा. व्हेनिसच्या माणसाचा सगळा डामडौल आपल्या आयाबायांच्या गळ्यात येऊन नुसती नक्षी झाला. त्याचं राज्य इथं पोचलं नाही, त्याचं सोनं पोचलं.

हा मुद्दा मला जड जातो. चित्राला अर्थ असतो तो बघणाऱ्याच्या ओळखीमुळे, आणि ओळख राज्याच्या हद्दीबाहेर फार टिकत नाही. तरी एक गोष्ट मी मामांच्या पुढे ठेवली. रोमन लेखक थोरला प्लिनी यानं ती लिहून ठेवली आहे, तोच प्लिनी, ज्याची तक्रार होती की हिंदुस्थान दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. क्लॉडिअस सम्राटाच्या काळात एका रोमन अधिकाऱ्याचा माणूस वाऱ्यानं भरकटत सिंहलद्वीपाला लागला. तिथल्या राजानं त्याच्याजवळचे देनारियस पाहिले. त्यांवरचे चेहरे निरनिराळे होते, म्हणजे ती निरनिराळ्या राजांनी पाडलेली होती; पण वजन सगळ्यांचं सारखं. राजाला या सचोटीचं इतकं कौतुक वाटलं, की त्यानं रोमला वकील पाठवले.

मामा : हा राजा सराफ असला पाहिजे.

मी : त्यानं चेहरेही बघितले, मामा. चेहरे वेगळे आहेत हे कळल्याशिवाय वजन सारखं असण्याचं नवल वाटलंच नसतं.

मामा : आणि वजन सारखं नसतं तर? चेहरे कितीही देखणे असते तरी वकील गेले नसते.

मी : तेही खरं आहे. इ.स. ६४ साली नीरोनं देनारियसचं वजन कमी केलं, चांदीतही भेसळ केली. त्यानंतर आपल्याकडं येणारी रोमन चांदी आटत गेली. पुढं तिसऱ्या शतकात तर रोमच्या चांदीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नाण्यात शेकडा पाच भागसुद्धा चांदी उरली नव्हती. वरून नुसता मुलामा. आणि त्याच नाण्यांवर शांती, समृद्धी, सैन्याची निष्ठा असले शब्द.

मामा : मुलाम्यावर लिहिलेलं कोण खरं मानील? बोट घासलं की आतलं तांबं बोलतं.

इथे मला मामांचं पटतं आणि माझं म्हणणंही सुटत नाही. नाण्यावरचा दावा धातूच्या भरवशावर उभा असतो. म्हणूनच धातू खोटा निघाला की दावा करणाराही खोटा पडतो. नुसतं चित्र असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. भेसळीनं बदनाम होतो तो राजा, कारण चेहरा त्याचा आहे.

मग पुदुकोट्टैची गोष्ट निघाली. १८९८ साली त्या संस्थानात रोमन सोन्याची ५०१ नाणी सापडली, आणि बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव होता. काही अभ्यासक म्हणतात, परक्या राजाची सत्ता रद्द केल्याची ती खूण. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आत दुसरा धातू भरलाय का ते बघायला सराफ अजूनही काप देतो. मी विचारलं, मग मागच्या बाजूला का नाही? ते म्हणाले, चेहऱ्याचा भाग उठावाचा असतो, छिन्नी तिथं बसते आणि सोनंही तिथंच जाड असतं. मला त्यावर लगेच उत्तर सुचलं नाही. घाव एक, आणि त्याची दोन कारणं एकाच हातात असू शकतात, असं मला अजून वाटतं.

मामा : लांब कशाला जातेस? राक्षसभुवन आपल्याच तालुक्यातलं. थोरल्या माधवरावांनी तिथं निजामाला हरवलं.

मी : १० ऑगस्ट १७६३.

मामा : पेशव्यांच्या शिपायाला मिळणाऱ्या रुपयावर कुणाचं नाव होतं?

मी : दिल्लीच्या बादशहाचं.

मामा : आणि निजामाच्या शिपायाच्या रुपयावर?

मी : त्याच्यावरही दिल्लीच्या बादशहाचंच.

मामा : मग सांग. दोन्ही फौजा गोदाकाठी एकमेकांचे गळे कापतायत आणि दोघांच्या कनवटीला एकाच तिसऱ्या माणसाचं नाव. कसला प्रचार आणि कसलं काय!

मी : नेमकं हेच माझ्या बाजूचं आहे. बादशहाच्या हातात तेव्हा सत्ता उरली नव्हती, त्याची राजधानीसुद्धा धड त्याच्या ताब्यात नव्हती. तरी मराठे, निजाम, इंग्रज कंपनी, सगळ्यांना आपल्या टांकसाळीत त्याचंच नाव ठोकावं लागलं. पेशव्यांनी अंकुशाची खूण टाकली, पण नाव काढलं नाही. कंपनीनं १८३५ साली विल्यम राजाचा चेहरा आणला तोवर तिचे रुपये मोगली नावानंच निघत होते. निजामानं बहादूरशहाचं नाव १८५७च्या बंडानंतर काढलं. सत्ता संपली तरी नाव शंभर वर्षं चाललं, यापेक्षा नावाचं बळ दुसरं कोणतं?

मामा : ते नावाचं बळ नाही, सवयीचं आहे. त्या नावाचा रुपया खरा असतो ही बाजाराची सवय. नाव बदललं की सराफ बट्टा कापायचा. कापलेल्या बट्ट्यावर कुणाचं राज्य चालतं?

मग मी शिवाजी महाराजांकडे वळले. कारण त्यांनी ही सवय मोडली. १६७४च्या राज्याभिषेकानंतर त्यांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', आणि तेही देवनागरीत. आजूबाजूला मोगलांची, आदिलशाहीची फारसी नाणी फिरत असताना. आठवड्याच्या बाजारात मिठाच्या पुडीसाठी दिलेल्या पैशावर आपल्या लिपीत आपल्या राजाचं नाव आहे, हे त्या वेळच्या शेतकऱ्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्याला अक्षर वाचता आलं नाही तरी ही आपली अक्षरं हे ओळखू आलं असेल. शिवराई पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमलातही कितीतरी वर्षं चालत राहिली.

मामा : शिवराई मी हाताळलीय. लोक देव्हाऱ्यात ठेवतात, मोडायला आणत नाहीत. ते मी मानतो.

मी : आता तुमच्या बाजूचंही सांगते. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर होता. त्यांची एक मागणी अशी, की कंपनीचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. त्यावर उत्तर मिळालं, की ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही; तुमचं नाणं मोगलांच्या नि इतरांच्या नाण्याइतकं शुद्ध आणि वजनदार असेल, तर त्याला आमची मनाई नाही.

मामा : राजा सांगतोय. आता पुढं काय बोलशील?

मी : बोलेन ना. ज्यानं स्वतःचं नाव इतक्या विचारानं नाण्यावर घातलं, तोच राजा परक्याचं नाणं केवळ वजनावर तोलायला तयार होता. त्याला दोन्ही कळत होतं.

यानंतर मामांनी आजोबांची वही काढली. जुन्या वह्यांत हाली आणि कलदार असे दोन रकाने असत. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार इंग्रजांचा. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्या भागात १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ हिशोब दोन रुपयांत चाले. हाली रुपयावर चारमिनार, आणि त्याच्या कमानीत निजाम उस्मान अलीच्या नावाचं पहिलं अक्षर. कलदारावर पंचम जॉर्जचा मुकुट घातलेला चेहरा. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा ठरलेला दर.

मामा : हा दर कुठून आला, कधी हिशोब केलायस? १९४०च्या आधीचा हाली रुपया अकरा ग्रॅम आणि वर अठरा सेंटीग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८१.८. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७. आता सात हालींतली चांदी काढ आणि सहा कलदारांतली काढ.

मी तिथेच कागदावर मांडणी केली. सात हालींत ६४ ग्रॅम चांदी भरली, सहा कलदारांत ६४.१५. चारमिनार आणि लंडनचा मुकुट, दोन सत्ता, दोन लिप्या, सगळ्यांमधून बाजारानं पंधरा सेंटीग्रॅमच्या फरकापर्यंत चांदी वेगळी काढली होती. इतिहास शिकवणाऱ्या माणसानं ही आकडेमोड एकदा तरी स्वतःच्या हातानं करावी.

मी : मान्य. पण मग निजामानं १९१८ साली आपल्या नोटा का काढल्या? नोटेत चांदी कुठं आहे? तिथं तर नुसतं नाव आणि शिक्का. तुमचं म्हणणं खरं असतं, तर नोट बाजारात एक दिवस चालली नसती.

मामा : नोट म्हणजे हुंडी. हुंडीला कागदाची किंमत नसते, पेढीची असते. पेढी पैसे देते तोवर कागद सोनं.

मी : पेढीची म्हणजे नावाचीच ना?

मामा : नावाची. पण फेडणाऱ्या नावाची. मुकुट घातलेल्या नावाची नाही.

मी : मामा, फेडणारं नाव कोणतं हे लोकांना कळावं कसं? त्यासाठीच तर ते छापतात. आणि फेडायचं नाकारायची ताकदही त्याच नावाची. २०१६च्या ८ नोव्हेंबरला रात्री जाहीर झालं आणि हजाराची नोट कागद झाली. कॅलिग्युला सम्राट मेल्यावर त्याची तांब्याची नाणी रोमच्या सिनेटनं आटवायला लावली. सत्ता नाणं पाडून जेवढं बोलते तेवढंच नाणं मोडून बोलते.

या वाक्यावर आम्ही जोगलटेंभीपर्यंत आलो. माझ्या मते महाराष्ट्रातला या विषयावरचा सर्वांत मोठा पुरावा तो आहे, आणि रोमच्या कुठल्याही उदाहरणापेक्षा जास्त बोलका.

१९०६ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. नहपान हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप, परकीय वंशाचा. त्याच्या नाण्याच्या एका बाजूला चेहरा, रोमन आणि ग्रीक पद्धतीचा. भोवती ग्रीक अक्षरं, पण भाषा प्राकृत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत नाव. तीन लिप्यांत एकच नाव सांगणारं हे नाणं. त्याचा जावई उषवदात यानं नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवलेला हिशोब मी मामांना वाचून दाखवला तेव्हा ते खूश झाले होते. तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, दोन हजार महिना शेकडा एक दरानं, एक हजार पाऊण दरानं. आणखी एक आकडा असा, की सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, पस्तीसला एक. हा लेख मी शिकवते तो धर्मदायाचा पुरावा म्हणून. मामांनी तो पेढीच्या वहीसारखा ऐकला, आणि मुदलाला हात न लावता व्याजातून भिक्षूंचं कापड निघत होतं हे पहिल्या वाचनात सांगितलं.

त्या नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीनं हरवलं. आणि जोगलटेंभीच्या साठ्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा उठवलेला आहे. एका बाजूला कमानींचा डोंगर आणि स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनीचं चिन्ह. खालचा नहपान पुरता पुसलेला नाही. कुठे नाक दिसतं, कुठे केस, कुठे ग्रीक अक्षराचा तुकडा.

मामा : आटवलं का नाही, ते मी सांगतो. तेरा हजार नाणी मुशीत घालायची म्हणजे कोळसा किती, माणसं किती, आणि चांदीत घट येते ती वेगळी. नंतर पुन्हा वजनाच्या चकत्या पाडायच्या. त्यापेक्षा नाणं तापवायचं, दोन ठशांमध्ये धरायचं आणि वरून घण घालायचा. एक घाव, एक नाणं.

मी : त्याहून स्वस्त उपाय होता. काहीच न करता तशीच चालवायची. भडोचच्या बाजारात मिनँडरची ग्रीक नाणी तो राजा मेल्यावर दोनशे वर्षांनीही फिरत होती, पेरिप्लसमध्येच तसं लिहिलंय. कुणी ती ठोकत बसलं नाही. मग गौतमीपुत्रानं नऊ हजार घाव कशासाठी खर्चले? वजन वाढलं नाही, चांदी वाढली नाही. बदललं ते फक्त नाव.

मामा : खूण म्हणून. पूर्वी सराफ हातातनं गेलेल्या रुपयावर बारीक खूण ठोकायचे. म्हणजे हा तपासलाय, खरा आहे, मी जबाबदार. तसंच हे. आमच्या खजिन्यातून पारखून गेलेलं नाणं, बिनघोर घ्या.

मी : आणि ती जबाबदारी घेणारा कोण, ते नाणं सांगतंय. गोतमीचा पुत्र. त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातवाच्या कारकिर्दीत नाशिकच्या लेण्यात लेख कोरवला, की माझ्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. तो लेख डोंगर चढून जाईल त्यानं वाचायचा. तीच वार्ता या नाण्यांनी खाली बाजारात नेली, आणि तीही त्या आईच्या नावासकट.

मामा : नाण्यावर आईचं नाव?

मी : राजाचं नावच तसं आहे. गोतमीचा मुलगा, श्री सातकर्णी.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेला नव्हता.

मामा : तेरांतली नऊ हजार ठोकलेली, म्हणजे चार हजार तशीच राहिली. आणि दोन्ही एकाच जागी पुरलेली सापडली. ज्यानं पुरली त्याला काय फरक वाटत होता? नव्या राजाच्या भीतीनं जुनी वेगळी काढली नाहीत, नव्याच्या प्रेमानं नवी वेगळी ठेवली नाहीत. एकत्र ठेवली, कारण चांदी एक.

मी : पुरणाऱ्याला फरक वाटला नसेल. ठोकणाऱ्याला वाटला. दोघं वेगळे आहेत, मामा. मी ठोकणाऱ्याबद्दल बोलते, तुम्ही घेणाऱ्याबद्दल.

मामा : पण तू म्हणतेस की बोलणं पोचतं. पोचलं का, ते घेणाराच सांगेल.

मी : मग घेणाऱ्याबद्दलच बोलू. गौतमीपुत्रानं चेहरा पुसून डोंगर उठवला. पुढं त्याच्याच घराण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीनं, यज्ञ सातकर्णीनं चांदीच्या नाण्यावर काय काढलं, माहीत आहे? स्वतःचा चेहरा. वजन क्षत्रपांच्या नाण्याचं, धाटणी क्षत्रपांच्या नाण्याची. एका बाजूला प्राकृत, दुसऱ्या बाजूला दक्षिणेची द्राविडी भाषा. ज्याचा चेहरा पुसला, त्याचीच रीत उचलली.

मामा : याचा अर्थ गिऱ्हाइकाला चेहरा लागत होता. चांदीचं नाणं म्हणजे चेहऱ्याचं, अशी नजर बसली होती. डोंगराचं नाणं हातात पडलं की माणूस उलटसुलट करून बघत असेल.

मी : म्हणजे लोक बघत होते.

मामा : बघत होते. पण चांदी खरी आहे का ते ओळखायला. तो कोण आहे ते वाचायला नाही.

मी : आणि सोपाऱ्याचं? १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला. आत करंडक, बुद्धमूर्ती, सोन्याची फुलं आणि यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. जराही न झिजलेलं. कुणी खर्चलं नाही, कुणी मोडलं नाही, कसोटीला लावलं नाही. बुद्धाच्या अवशेषांजवळ राजाचं नाव आणि चेहरा ठेवायचा होता म्हणून ते तिथं गेलं. इथं बाजार कुठं आहे, मामा?

मामा : बाजार नाही. पण सातवाहनांची शिशाची नाणीही निघतात, ढिगानं निघतात, तूच दाखवलीस. नाव त्यांवरही राजाचंच ना? मग देवाजवळ ठेवताना शिशाचं का नाही ठेवलं?